ब्रिक्स मीटरला न कळणारा आंबा

दरवर्षी मे महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच येतो. बादलीत आंबे टाका, बुडला तो नैसर्गिक, तरंगला तो कार्बाइडचा. यंदा काकूंनी टाकला, खाली हात जोडलेले आणि "सर्वांना पाठवा". मी एरवी गप्पच बसतो, पण त्या रविवारी आम्ही सगळे तासगावला मळ्यात होतो, घरच्या केशरची उतरणी आदल्याच दिवशी झालेली, बादली होती, विहिरीचं पाणी होतं, म्हटलं चला बघूया. बारा आंबे टाकले, त्यातले दोन मस्त तरंगले. काकू गप्प. कारण ते कलम आण्णांनी स्वतःच्या हातानं उतरवलेलं, कार्बाइड तर सोडाच.

तरंगण्याचा आणि कार्बाइडचा तसा थेट काही संबंध नाही. फळ झाडावर तयार होत जातं तसं त्यात स्टार्च साठत जातो, घनता वाढते, आणि पाण्यापेक्षा थोडी जास्त झाली की फळ बुडतं. कवळं असेल तर तरंगतं. म्हणजे ही टेस्ट आहे खरी, पण ती आंबा किती तयार झालाय याची, औषधाची नाही. नीट तयार झालेल्या आंब्याला कुणी कार्बाइडची पुडी लावली तरी तो तुमच्या बादलीत गपगुमान बुडणारच. कोकणातले बागायतदार "चौदा आणे तयार" म्हणतात ना, ते हेच.

त्या दोन तरंगणाऱ्यांवर पोरांनी स्केचपेननं फुल्या मारल्या आणि सगळे आंबे आढीत गेले. पुढच्या रविवारी खायचा बेत ठरला, आणि वहिनी सांगलीतून एक केशरची पेटी आणणार होत्या, कारण वाद तिथंच अडकलेला, की घरचा आंबा बाजारच्यापेक्षा खरंच चांगला असतो का आपलं ते आपलं म्हणून लागतो? केशर विरुद्ध केशरच घ्यायचा हे मी आधीच बजावलं होतं. घरचा रायवळ आणि बाजारचा हापूस यांची तुलना म्हणजे पैलवान आणि खोखोवाला यांची कुस्ती. केशरची सगळी झाडं कलमं, म्हणजे मूळ एकाच झाडाच्या नकला, त्यामुळं जात तीच राहते आणि फरक पडला तर तो बाग, तोडणी आणि पिकवणीचा.

माझा चुलतभाऊ द्राक्षवाला. त्याच्या गाडीत ब्रिक्स मीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, कायमचं पडलेलं असतं, चष्म्याच्या घरासारखं. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडं धरून बघायचं, रसात साखर जेवढी जास्त तेवढा प्रकाश जास्त वाकतो आणि रेघ वर सरकते. घरचा केशर १८. बाजारचा केशर साडेअठरा.

"आवो, मीटर बिघडलंय," आण्णा म्हणाले. मीटर बिघडलं नव्हतं, पाणी टाकून शून्य बघितला होता. पण खाताना मात्र अकरापैकी दहा जणांनी घरचा "जास्त गोड" सांगितलेलं, डोळे मिटून. अकरावा मी, मला ताटं लावताना कुठलं काय ते माहीत होतं म्हणून माझं मत धरलं नाही.

मग मी पोरांना नाक दाबून खायला लावलं. हे तुम्हीही घरी करून बघा, फार मजा येते. नाक घट्ट दाबून फोड चावायची. घरचा असो बाजारचा असो, दोन्ही नुसते "गोड-आंबट कायतरी" लागतात. अर्धवट चावून झाल्यावर नाक सोडायचं, आणि घरच्या फोडीत एकदम घशामागून आंबा उगवतो. बाजारच्यात पण उगवतो, पण लांबून हाक मारल्यासारखा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि तो अजिनोमोटोवाला उमामी, एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बराचसा वास असतो, चावताना तोंडाच्या मागच्या वाटेनं नाकात जाणारा, आणि मेंदू त्याची पावती जिभेच्या नावावर फाडतो. म्हणून "जास्त गोड" म्हणणारी दहा माणसं खोटं बोलत नव्हती, आणि मीटरही नाही.

आता हा वास येतो कुठून? कच्च्या कैरीचं डेख मोडलं की चीक उडतो आणि वास सुटतो तो टर्पीन नावाच्या द्रव्यांचा. लिमोनिन, फेलँड्रिन, ओसिमिन अशी ही मंडळी. विहिरीवर आमचं एक जुनं रायवळ आहे, त्याला आजीपासून सगळे शेप्याच म्हणतात, कारण शेपूसारखा वास, आणि शेपूच्या भाजीच्या वासात लिमोनिन, फेलँड्रिन असतंच. टर्पिनं कैरीपासूनच असतात. पिकताना जी नवीन येतात ती लॅक्टोन आणि फ्युरॅनोन, पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संशोधकांनी हापूसवर हे तपशिलात दाखवलंय. लॅक्टोन फळातल्या स्निग्ध आम्लांपासून बनतात, वास खोबऱ्यासारखा, सायीसारखा. फ्युरॅनोन म्हणजे साखर करपायला लागली की येतो तसला वास, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीतही हाच प्रकार असतो. गावात खोबऱ्या नावाचं एक झाड होतं, काही जण म्हणतात गरावरून नाव पडलं, मी म्हणतो ज्यानं ठेवलं त्याच्या नाकात लॅक्टोन शिरला असणार.

हे सगळं सुरू करतो तो इथिलीन वायू, आणि इथं मला थोडं सैल सोडा, कारण ही भानगड मला फार आवडते. १९०१ साली रशियात सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव नावाच्या तरुणाच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढताहेत, आणि कारण निघालं दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. १९३४ ला रिचर्ड गेननं दाखवलं की पिकणारं सफरचंद स्वतःच हा वायू सोडतं. फळ तो बनवतं मेथिओनिन या अमिनो आम्लापासून, त्याचं आधी सॅम नावाचं द्रव्य होतं, सॅमचं एसीसी नावाचं दुसरं, आणि एसीसीचं ऑक्सिजनच्या मदतीनं इथिलीन. पेशीत त्याची वाट बघत रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं, बसलेले असतात, प्रत्येकात तांब्याचा अणू, इथिलीन त्या तांब्याला जाऊन चिकटतं. आणि गंमत अशी की चिकटल्यावर रिसेप्टर चालू होत नाही, बंद होतो! इथिलीन नसताना हे रिसेप्टर सीटीआर-१ नावाच्या प्रथिनाला कामाला लावून ठेवतात, ते प्रथिन ईआयएन-२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला दाबून धरतं, आणि ईआयएन-२ दाबलेलं म्हणजे पिकण्याची जनुकं झोपलेली. इथिलीन आलं की रिसेप्टर गप्प, सीटीआर गप्प, ईआयएन-२ मोकळं, त्याच्यापुढं ईआयएन-३, आणि मग जनुकं जागी. म्हणजे इथिलीन अ‍ॅक्सिलरेटर दाबत नाही, हँडब्रेक सोडतं. गाडी उताराला लागलेलीच असते.

जागी झालेल्या जनुकांत आणखी इथिलीन बनवणारीही असतात. म्हणून आढीत एक पाडाचा आंबा ठेवला की बाकीचे पाठोपाठ पिकतात, पेंढा वायू धरून ठेवतो. स्टार्चची साखर होते, आम्ल कमी होतं, हिरवा रंग जाऊन केशरी येतो, श्वसन इतकं वाढतं की चौथ्या दिवशी आढीत हात घातला तर आत गरम लागतं. आमच्या लहानपणी आजी तो गरमपणा बघूनच सांगायची उद्या काढूया.

आता कार्बाइड. त्याला दमट हवा लागली की अ‍ॅसिटिलीन सुटतो, वेल्डिंगवाल्याकडचा तोच गॅस. तोही त्या तांब्याला चिकटतो, पण इथिलीनच्या मानानं कितीतरी दुबळा, हजार पटीच्या वर लागतो. कार्बाइडवर आपल्याकडं बंदी आहे ती योग्यच, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. पण यावरून "गॅसवर पिकवलेलं म्हणजे विष" असं जे काहीजण यूट्यूबवर ओरडत असतात ते मला पटत नाही. रायपनिंग चेंबरमधला वायू इथिलीनच असतो, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) त्याला परवानगी आहे, आणि आजीच्या आढीतला आणि चेंबरमधला रेणू एकच. "रसायनमुक्त आंबा" असा बोर्ड लावून डझनाला दोनशे रुपये जास्त घेणाऱ्याला एकदा विचारा, लॅक्टोन काढून टाकले का म्हणून.

मग बाजारच्या आंब्याचं बिनसतं कुठं? हँडब्रेक कुणीही सोडू शकतं हो, पण टाकीत किती भरलंय ते तोडणीच्या दिवशी ठरतं. देठ तुटला की पानांकडून येणारा माल बंद. स्टार्च जेवढा साठला तेवढीच साखर, आणि वास बनवायचा कच्चा माल जेवढा आणि यंत्रणा जेवढी तयार तेवढाच वास. आमच्या पेटीत साखर भरलेली होती, कमी पडला तो वास. आंबा ट्रकमधून जायचा, पेटीत दबायचा, चार हातांतून फिरायचा म्हणून तो कवळाच तोडतात, शिवाय लवकर बाजारात आला की भावही मिळतो. त्यात मधे कुणी जास्त थंडीत ठेवला, १२-१३ अंशांच्या खाली, तर वासाची यंत्रणाच मार खाते, बाहेरून पिवळाधमक आणि आत मुका. द्राक्षवाल्यांना हे समजावताना अडचण येते, कारण द्राक्ष वेलीवरच पिकतं, तोडल्यावर गोडी वाढत नाही, त्यांचा सगळा विश्वास ब्रिक्सवर.

उलट झाडावरच पूर्ण पिकू द्यावा असंही नाही. हापूस जास्त ठेवला तर साका पडायची, म्हणजे आतला गर पांढरट स्पंजासारखा व्हायची भीती, शिवाय पोपट आणि फळमाशी. आणि घरचा म्हणून कोय लावून तोच आंबा येईल असंही कुणी समजू नका. कोयीतून येणारं झाड दर वेळी नवीन पत्त्यांचा डाव. शेप्याच्या कोयीतून आण्णांनी तीन झाडं वाढवली, एकालाही शेपूचा वास नाही, एक तर इतकं आंबट की फक्त लोणच्याला.

फुली मारलेले ते दोन आंबे सगळ्यात शेवटी निघाले. तेच झाड, तीच माती, तीच आढी. डेखापाशी सुरकुत्या पडलेल्या, साल पिवळी, गर फिका. मीटरवर साडेतेरा. साखर तर कमी भरलीच, पण वासाचं बघायचं म्हणून काकूंनी डोळे मिटून एक फोड खाल्ली, नाक न दाबता.

"हा पेटीतला दिसतोय," म्हणाल्या.