आपली शिडाची होडी: मिरगाआधी आणि चवथीनंतर

गोव्यात शापोरा नदीच्या काठावर होड्या ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या आमच्या शेडमध्ये दर ऑक्टोबरला कुणीतरी येऊन विचारतं, "मे महिन्यापर्यंत होडी ठणठणीत होती हो, मग बिघडली कधी?" बहुतेक वेळा ती उभ्या-उभ्या बिघडलेली असते. खाऱ्या पाण्यात नेमाने चालणारी होडी वर्षानुवर्षं टिकते. जून ते सप्टेंबर माडाखाली ताडपत्री टाकून विसरलेली होडी मात्र आतून कुजते. खालच्या खाऱ्या पाण्याला सगळे भितात, वरून येणाऱ्या गोड्या पाण्याकडे कुणी बघत नाही. या पत्रकात मुख्यतः त्या पाण्याबद्दलच लिहिलं आहे. त्यातली निम्म्याहून जास्त कामं तुमची तुम्हालाच करता येतील, त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका.

साधा हिशेब करून बघा. गोव्यात पावसाळ्यात सुमारे १२० इंच पाऊस पडतो, म्हणजे तीन मीटर. तुमच्या होडीचा कॉकपिट, म्हणजे बसायची खोलगट जागा, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब असेल, तर एवढ्याशा जागेत चार महिन्यांत नऊ हजार लिटर पाणी पडतं. एक टँकर. ते सगळं दोन इंची नळीतून बाहेर जायचं असतं आणि त्या नळीच्या तोंडावर आंब्याचं एक पान येऊन बसलं की खेळ संपला. होडी जमिनीवर ठेवताना पुढचं टोक वीतभर उंच ठेवा, म्हणजे पाणी आपोआप मागच्या नळ्यांकडे जाईल. आणि पंधरा दिवसांनी एकदा तरी कुणाला तरी जाऊन बघायला सांगा. आम्ही ठेवलेल्या होड्यांची ही फेरी आम्हीच मारतो.

ताडपत्री होडीच्या टेकूंना बांधू नका, हे आम्ही तोंड दुखेपर्यंत सांगतो. मिरगाच्या पहिल्या वावटळीत ताडपत्री फुगते, टेकू ओढला जातो आणि होडी आडवी होते. दोर होडीखालून घेऊन ताडपत्रीच्याच दुसऱ्या कडेला बांधा. समोरासमोरचे टेकू एकमेकांना साखळीने जखडा आणि प्रत्येकाखाली जाड फळी द्या, कारण भिजलेल्या मातीत टेकू रुततो. चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) तर होडी ठेवूच नका. एका कोपऱ्यावर भार आला की भिजलेला चिरा फुटतो, आमच्या डोळ्यांसमोर फुटला आहे. ताडपत्रीपेक्षा रापण ओढणाऱ्या आपल्या मच्छीमारांची पद्धत चांगली: बांबूचा सांगाडा आणि वर माडाची विणलेली चुडतं. पाऊस अडतो आणि हवाही खेळती राहते. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकखाली होडी घामेजते, आणि चवथीला उघडून बघावं तर गाद्यांवर हिरवी बुरशी.

डेक वाजवून बघा

बऱ्याच फायबरच्या होड्यांचा डेक एकसंध फायबरचा नसतो. वर-खाली फायबरचे दोन पापुद्रे आणि मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड. हलका आणि ताठ डेक हवा म्हणून ही सोय. पण रेलिंगचा खांब, क्लीट (दोर अडकवायची खुंटी), विंच (दोर ओढायचं चाक), जे काही डेकवर बसवायचं त्यासाठी भोक पाडावं लागतं आणि ते भोक थेट त्या लाकडातून जातं. खारं पाणी लाकडाला तितकंसं कुजवत नाही. पावसाचं पाणी मात्र एकदा आत गेलं की बाहेर पडत नाही.

स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेक वीतवीतभर अंतरावर ठोकत जा. टणटण आवाज येतो तिथे ठीक. ढब्ब असा मेलेला आवाज आला की खडूने खूण करा. तासाभरात सगळा नकाशा तयार होतो आणि खुणा बहुतेक खांबांच्या आणि डोलकाठीच्या पायाभोवतीच दिसतात. हे काम एप्रिलमध्ये करा, कारण कोरड्या दिवसांतच दुरुस्ती होते. सप्टेंबरात लाकूड पाणी पिऊन बसलेलं असतं.

खुणा हाताच्या पंज्याएवढ्या असतील तर धीर धरा, दुरुस्ती तुम्हालाच जमेल. खांब काढा. बोल्ट आठ मिलिमीटरचा असेल तर भोक वरून बारा मिलिमीटरचं करा, पण फक्त वरचा पापुद्रा आणि लाकूड यांतूनच. खालचा पापुद्रा तसाच राहू दे आणि त्याच्या भोकाला खालून टेप लावा. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतलं ओलं लाकूड भोकाभोवती थोडं कोरून काढा आणि नीट वाळू द्या. चार-सहा दिवस लागतात, घाई करू नका. मग आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) ओता, लाकडाला पिऊ द्या. त्यानंतर सिलिका पूड घालून मधासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी त्या इपॉक्सीच्या मधोमध आठ मिलिमीटरचं नवं भोक पाडा. आता पाणी झिरपलं तरी त्याला लाकूड सापडत नाही. भोकाच्या तोंडाची धार थोडी उतरवून घ्या, म्हणजे फट बुजवणाऱ्या सीलंटला बसायला खाच मिळते. खांब बसवताना बोल्टचं डोकं वरून धरून ठेवायचं आणि खालून नट फिरवायचा. उलट केलंत, बोल्ट फिरवलात, तर त्याच्याभोवतीचं सीलंट तिथल्या तिथे तुटतं.

सीलंट ब्यूटिल टेप किंवा पॉलिसल्फाइड वापरा. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं सिलिकॉन नको. हे आम्ही अनुभवाने शिकलो, आणि तो अनुभव आमच्याच एका ग्राहकाच्या खर्चाने आला. सुरुवातीच्या काळात आम्ही एका चोवीस फुटी होडीच्या खांबाखाली सिलिकॉन भरून दिलं होतं. वरून चकाचक दिसत होतं. तीन पावसाळ्यांनी ती परत आली तेव्हा पापुद्र्याखालचं लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं बोटाने निघत होतं. शिवाय जिथे सिलिकॉन लागलं होतं तिथे ना रंग चिकटेना ना इपॉक्सी. ते काम आम्ही फुकट करून दिलं. आज आमच्या शेडमध्ये सिलिकॉनची नळी सापडणार नाही.

हाताच्या पंज्यापेक्षा मोठी जागा मऊ लागली, किंवा डोलकाठीच्या बुंध्याशी डेक दबलेला दिसला, तर मात्र आम्हाला दाखवा. तिथे वरचा पापुद्रा कापून काढावा लागतो.

रेझिन आणि आपली हवा

परदेशी डब्यांवरच्या सूचना थंड देशांना धरून असतात. आपल्याकडे तेहेतीस अंशांत पाव किलो इपॉक्सी एकदम कालवलंत तर मगातच ते तापतं, धूर सोडतं आणि पाच मिनिटांत दगड होतं. शंभर-शंभर ग्रॅमच कालवा आणि मगात न ठेवता पसरट ताटलीत ओता. सकाळचं दव वाळल्यावर सुरू करा आणि चारच्या पुढे नवीन थर देऊ नका. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती घासून जात नाही, उलट घासल्याने आत मुरते. आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबने धुवा, मगच पॉलिश पेपर लावा.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं आणि मासेमारीच्या होड्या त्याच्यावरच चालतात, पण इपॉक्सीवर ते धड चिकटत नाही. जिथे एकदा इपॉक्सी लागलं तिथे पुढे इपॉक्सीच. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पॉलिएस्टर घट्ट करणाऱ्या कोबाल्ट आणि कॅटालिस्ट या दोन बाटल्या एकमेकींत कधीही थेट मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट कालवून घ्यायचं, मगच कॅटालिस्ट. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

बुडाचा रंग पावसाळ्यानंतर

मे महिन्यात होडी वर काढून लगेच बुडाला अँटिफाउलिंग (शिंपले-शेवाळ चिकटू न देणारा) रंग लावून ठेवणारे पैसे वाया घालवतात. बहुतेक रंगांना डब्यावर दिलेल्या मुदतीत पाण्यात उतरावं लागतं. मेमध्ये फक्त खरवडून, धुऊन ठेवा. बुडाला चिकटलेल्या बार्नेकल या जीवांची कवचं ओली असतानाच निघतात, वाळली की सिमेंट. रंग चवथीनंतर, उतरवायच्या आदल्या आठवड्यात. ज्यांची होडी पावसाळाभर नदीतच नांगरलेली असते त्यांना वाटतं, आपलं बूड स्वच्छ राहिलं. ते रंगामुळे नसतं. पुरात नदीचं वरचं पाणी गोडं होतं आणि बार्नेकल मरतात. पण याच काळात बुडाच्या फायबरला फोडही जास्त येतात, कारण जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरातून, गोडं पाणी खाऱ्यापेक्षा लवकर आत शिरतं. ऑक्टोबरात बुडावर वाटाण्याएवढे फोड दिसले तर एखादा फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर बुडाने पाणी प्यायलं आहे. एक-दोन फोडांनी होडी बुडत नाही, घाबरून सगळं बूड सोलायला काढू नका. आधी आम्हाला दाखवा.

जुना रंग कोरडा घासू नका आणि ओहोटीला वाळूवर होडी आडवी करून तर मुळीच नाही. त्या रंगात तांबं असतं आणि त्याच वाळूतून कुणीतरी संध्याकाळच्या सुक्यासाठी तिसऱ्या (खायचे शिंपले) वेचत असतं. यापूर्वीचे टिनवाले रंग कालवांना इतके घातक ठरले की २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच ते बंद झाले. जुन्या गोंयकार घरांच्या खिडक्यांना ज्या शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असत, ते शिंपले झुवारीच्या काठी चिखलीच्या उपसागरात अजून सापडतात. ते तसेच सापडत राहावेत म्हणून आमच्या शेडमध्ये ओलं घासणं आणि खाली कापड हा नियम आहे. तुम्ही स्वतः काम करायला आलात तरी तो तुम्हालाही लागू.

पितळ की ब्राँझ

बुडातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह कधी निरखून बघितला आहे? म्हापशाच्या बाजारात नळाच्या सामानात मिळणारा पितळी व्हॉल्व्ह दिसायला तसाच आणि किमतीला फारच कमी. पण पितळात जस्त असतं आणि खारं पाणी ते जस्त हळूहळू खाऊन टाकतं. उरतं ते सच्छिद्र तांबं. चाकूच्या टोकाने थोडं खरवडा: पिवळं चकाकलं तर अजून जीव आहे, गुलाबी दिसलं तर तो व्हॉल्व्ह एक दिवस हातात तुटून येईल. ब्राँझचा किंवा फायबर भरलेल्या नायलॉनचा बसवा. आणि प्रत्येक व्हॉल्व्हला मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा, तो तुटलाच तर भोकात ठोकायला. ती आम्ही फुकट देतो, मागून घ्या.

स्वतः झिजून बाकी धातू वाचवणारे जस्ताचे अ‍ॅनोड निम्मे झिजले की बदला. त्यांच्यावर रंग मारू नका. दरवर्षी कुणीतरी मारतंच.

शीड आणि दोर

शीड फाटायच्या आधी त्याची शिवण जाते, कारण कापडाआधी दोऱ्याला ऊन लागतं. अंगठ्याच्या नखाने टाका जोरात घासा. तुटला तर शीड पुन्हा शिवायला द्या. पावसाळ्याआधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, गुंडाळा आणि घरात उंचावर ठेवा. होडीत नको. पावसात बिळं भरली की उंदरांना कोरडी जागा हवी असते, आणि घडी घातलेल्या शिडासारखी गादी त्यांना कुठे मिळणार? डोलकाठीच्या तारांवरून सुती फडकं फिरवा. कुठे धागा अडकला तर त्या तारेतला एक बारीक पेड तुटलेला आहे. अशा वेळी ती एक तार बदलून भागत नाही, जोडीचीही बदला.

आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा आणि टाकी रिकामी करा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं. चार महिने तसंच राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरचं वाटोळं करतं.

नवीन काय बसवावं

या प्रश्नावर आम्ही सामान विकणाऱ्यांना न आवडणारं उत्तर देतो. आधी डेक कोरडा करा, मग नवं शीड, मग बाकी सगळं. पंचवीस फुटी होडीवर मोठा स्क्रीन बसवून घेणारे ग्राहक आमच्याकडे येतात, आणि त्यांचं मुख्य शीड पोत्यासारखं ओघळलेलं असतं. तेच पैसे शिडाला लावले तर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात होडी वेगळीच चालेल. शीड लहान करायचा दोर कॉकपिटपर्यंत आणून घेणं हे मात्र लगेच करा. मतलईवर सकाळी निवांत निघालेला माणूस दुपारी मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर लाटा उठल्या की शीड लहान करायला एकटा पुढे डोलकाठीपाशी जाऊ शकत नाही. दोन पुली, एक क्लीट आणि एका रविवारचं काम आहे.

ज्यांच्याकडे लाकडी होडी आहे त्यांनी काजूच्या टरफलाच्या तेलाला नाक मुरडू नये, आमच्या वडिलांनी आयुष्यभर तेच लावलं. हातमोजे घाला, कातडी सोलते. आणि हे जुनं ज्ञान म्हणजे मागासलेपण असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा गोव्यातल्या दिवाडी बेटाकडे बघावं: म्हादई ही नौदलाची शिडाची नौका तिथेच बांधली गेली आणि जगाला फेरी मारून आली. काथ्याने शिवलेली कौंडिण्यही गोव्यातच तयार झाली आणि २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली.

आमच्या शेडमध्ये जागा अकरा होड्यांचीच आहे. पावसाळ्यासाठी ठेवायची असेल तर अक्षय तृतीयेपर्यंत सांगा आणि वीस मेच्या आत, उधाणाच्या भरतीला आणा. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीला आमच्या उतारावर पुरेसं पाणी नसतं. गाद्या, शिडं, बॅटरी आणि गॅस घरी न्या. कामाचा अंदाज डेक वाजवून झाल्यावर लेखी देऊ, तोही तुमच्यासमोर. खडू आमच्याकडे आहे, स्क्रू-ड्रायव्हर तुमचा आणलात तरी चालेल.