बांबूकाम, खानदेशातील

ओला बांबू चिरून, त्याच्या कामट्या काढून सुपे, टोपल्या, दुरड्या, तट्टे, कणग्या विणण्याची खानदेशातील परंपरागत कारागिरी. गावोगावी आणि शहरांच्या जुन्या पेठांत ती बुरूड समाजाकडे आहे. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरच्या बाजूला कोटवालिया या आदिवासी जमातीची ती उपजीविका असून स्त्री-पुरुष दोघेही विणतात. याच जमातीची वस्ती शेजारच्या दक्षिण गुजरातेतही आहे.

वाळलेला बांबू लवत नाही, म्हणून काम ओल्यावरच चालते. बाहेरची हिरवी पाठ चिवट असते. तिच्या कामट्या काठाला आणि तळाला जातात. आतला भाग लवकर मोडतो, त्याला भुंगाही लवकर लागतो. प्रत्येक वस्तूची वीण तिच्या कामावरून ठरते. सुपातून दाणा गळता कामा नये, म्हणून ते घट्ट. रोवळीतून धुतलेल्या तांदळाचे पाणी निथळायला हवे, म्हणून तिला बारीक फटी. कोंबड्या झाकायचे डालगे तर मोकळ्या जाळीचे. कणगी विणून झाली की शेणमातीने लिंपतात, मगच तीत धान्य भरतात.

सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा घरांचे कूडही बांबूचेच. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावच्या राजवाडी होळीत उंच बांबूचाच दांडा उभा करतात.

यावल तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तेथील नगराची सजावट बांबूसारख्या खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून केली. रोजच्या वापरातला हा बांबू कलावस्तू म्हणून देशापुढे आला, याचे मोल खानदेशाने अधिक जाणायला हवे.

बाजारात भाजीच्या टोपल्यांची जागा आता प्लास्टिकच्या क्रेटने घेतली आहे आणि घरातल्या कणगीची पत्र्याच्या कोठीने. दिव्यांच्या शेड, ट्रे, शोभेच्या वस्तू प्रदर्शनांतून विकल्या जातात, त्या हव्यातच. परंतु आजही बुरुडाच्या दारी गिऱ्हाईक येते ते मुख्यतः विधींसाठी : बाळाला ठेवायचे सूप, लग्नात ऐरणीदानाची दुरडी, नवरात्रात घटाची परडी, शेवटी तिरडीचे बांबू. ही मागणी प्लास्टिकला अद्याप पुरवता आलेली नाही.

कारागिरीचे खरे दुखणे कच्च्या मालाचे आहे. १९२७ च्या वन कायद्यात बांबू हा वृक्ष मानला गेल्याने त्याच्या तोडीवर आणि वाहतुकीवर निर्बंध होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजची वनउपज, ठरला. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला. जंगलाशेजारच्या गावांना वनहक्क कायद्यामुळे बांबूवर हक्क मिळाला. शहरातल्या बुरुडाला मात्र बांबू विकतच घ्यावा लागतो, आणि तो ओला असेपर्यंतच वापरावा लागतो.