काट्याखालची गादी बघा

कोल्हापुरात कुणाच्याही गच्चीवर जा, एखादी काटेरी कुंडी दाखवून ते सांगतात, "हा आमचा कॅक्टस." जवळ जाऊन बघावं तर तो युफोर्बिया निघतो. रोपं विकणाऱ्यांच्या चिठ्ठीवरही बऱ्याचदा तेच लिहिलेलं असतं.

घोळ आपल्या शब्दातच आहे. फड्या निवडुंग, तिधारी निवडुंग, वई निवडुंग, तिन्ही आपल्याला निवडुंगच. पण फड्या हा अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. बाकीचे दोन युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले. तिधारीला फड्यापेक्षा एरंड जवळचा!

वाळवंटात तगायची युक्ती मात्र दोघांची एकच, आणि ती शाळेत शिकलेलीच आहे. पानं गेली किंवा पावसापुरती उरली, खोड हिरवं आणि मांसल झालं, पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, रात्री उघडू लागली. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा रंध्रं मिटून त्याचं अन्न करायचं. दूरदूरच्या खंडांत दोन वेगळ्या कुळांनी एकाच अडचणीवर हे एकच उत्तर काढलं. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. म्हणूनच नुसत्या दिसण्यावरून निवाडा करता येत नाही.

काटा बघा, आणि काट्यापेक्षा काट्याचं बूड बघा. कॅक्टसचा काटा थेट खोडातून येत नाही, एका लहानशा लवदार गादीतून येतो. तिला एरिओल म्हणतात. ही गादी म्हणजे वाढ खुंटलेली फांदी, आणि काटे म्हणजे त्या फांदीची बदललेली पानं. म्हणून एकाच ठिपक्यातून काट्यांचा झुपका निघतो आणि नवी फांदीही तिथूनच फुटते. फड्याच्या पातीवर हे ठिपके तिरक्या रांगांनी मांडलेले दिसतात. मोठ्या काट्यांच्या बुडाशी बारीक कुसळं असतात. लाल बोंडं तोडताना बोटात शिरतात ती हीच.

युफोर्बियाला ही गादी नसतेच. तिधारीच्या धारेवर काटे जोडीने येतात, बैलाच्या शिंगांसारखे फाकलेले. जोडीपाशीच पान असतं, नाहीतर गळलेल्या पानाचा वण. कारण हे काटे म्हणजे त्या पानाची दोन उपपर्णं, पानाच्या बुडाशी दोन बाजूंना येणारी इवली अंगं. पानाला उपपर्णं दोन, म्हणून काटेही दोन. हे एकदा डोळ्यांत बसलं की दहा पावलांवरूनही चूक होत नाही. शेर नावाच्या झुडपाला काटेच नसतात, तोही युफोर्बियाच.

"चीक निघाला की युफोर्बिया" ही कसोटी मला अजिबात मान्य नाही. एक तर मॅमिलॅरियासारख्या काही कॅक्टसांनाही दुधाळ चीक येतो. दुसरं, त्यासाठी झाड कापावं लागतं, आणि युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर नजर काही दिवस अंधुक होऊ शकते. आमच्या ओळखीच्या एका काकांनी वई छाटताना हातमोजे घातले नव्हते, त्याच हाताने घाम पुसला. सुरुवातीला नुसती आग झाली, रात्री डोळा उघडेना. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवायचा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. कमी वाटतंय म्हणून थांबायचं नाही, कारण त्रास पुढच्या काही तासांत वाढत जातो.

फुलांचा फरक सोपा आहे. कॅक्टसचं फूल बहुधा मोठं, पुष्कळ पाकळ्यांचं. युफोर्बियाची फुलं इवलीशी, एका पेल्यात दाटलेली.

सगळ्यात सलतं ते शाळेच्या भिंतीवरचं वाळवंट. वाळूत उंट आणि शेजारी दोन हात वर केलेला उंच कॅक्टस. तो साग्वारो. अॅरिझोना आणि मेक्सिकोतल्या सोनोराच्या वाळवंटाबाहेर तो रानात जवळजवळ नाहीच, आणि त्याला हात फुटायलाच बहुधा 50 ते 75 वर्षं लागतात. रिप्सॅलिस नावाच्या कॅक्टसची एक जात सोडली तर अख्खं कॅक्टस कुळ मूळचं अमेरिका खंडांतलंच आहे. राजस्थानच्या खडकाळ टेकड्यांवर पावसात पानं धरणारा आणि कोरड्या दिवसांत ती टाकणारा थोर वाढतो, तोही युफोर्बियाच. मुलांना उंट काढायला सांगा, पण त्याच्या शेजारी थोर काढा, बुडापासून फुटलेल्या काठ्यांचा जुडगा, काटे जोडीजोडीने.