निसर्गाचे हक्क

नदी, जंगल, सरोवर, पर्वत किंवा समग्र निसर्ग यांना स्वतःचे हक्क असतात आणि त्यांच्या नावाने न्यायालयात दाद मागता येते, असे मानणारी नैतिक व कायदेविषयक संकल्पना. रूढ पर्यावरण कायद्यात नदी ही कोणाच्या तरी मालकीची किंवा वापराची वस्तू असते. तिच्यात रसायने सोडली गेली, तर ज्याचे पीक जळाले वा पिण्याचे पाणी बिघडले तो माणूस दावा लावतो आणि भरपाईही त्यालाच मिळते. नदी मात्र घाणच राहू शकते. ज्या प्रवाहाच्या काठी वस्तीच नाही, त्याची बाजू मांडायला तर कोणीच नसते.

कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ ठरण्यासाठी माणूस असावे लागत नाही. कंपनी, नगरपालिका, भारतात देवळातील मूर्तीही मालमत्ता धारण करते आणि प्रतिनिधीमार्फत खटला लढवते. त्याच धर्तीवर झाडा-नद्यांना न्यायालयात स्थान द्यावे, असे अमेरिकी कायदेपंडित क्रिस्टोफर स्टोन यांनी १९७२ मध्ये मांडले. कॅलिफोर्नियातील एका दरीत होऊ घातलेल्या स्कीइंग केंद्राविषयीच्या खटल्यात त्याच वर्षी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी भिन्नमताच्या (बहुमताशी असहमतीच्या) निकालपत्रात हा विचार उचलून धरला.

यामागची नैतिक भूमिका अशी की, निसर्गाचे मोल माणसाला होणाऱ्या उपयोगावर ठरत नाही. निसर्ग पुढच्या पिढ्यांसाठी राखावा, हा युक्तिवाद बळकट आहे. पण कोणाच्याच कामी न येणाऱ्या दलदलीपाशी किंवा बुरशीच्या एखाद्या जातीपाशी तो अडखळतो. हक्क निसर्गाचे असले तरी कर्तव्ये माणसाकडेच राहतात, कारण हानी करणारा आणि ती थांबवू शकणारा तोच आहे. भारतीय संविधानात १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्यासाठी निदेशक तत्त्व आणि नागरिकांसाठी मूलभूत कर्तव्य केले. या तरतुदींच्या आधारे थेट दावा लावता येत नाही. न्यायालये कायद्याचा अर्थ लावताना त्यांचा आधार घेतात.

देशाच्या संविधानात निसर्गाचे हक्क प्रथम आणले ते इक्वेडोरने, २००८ मध्ये. तेथे कोणीही व्यक्ती वा समुदाय निसर्गाच्या वतीने दाद मागू शकतो. त्यातील ७२ वे कलम विशेष महत्त्वाचे आहे: बाधित माणसांना द्यायची भरपाई वेगळी आणि निसर्ग पूर्ववत करण्याची जबाबदारी वेगळी. रस्ता रुंदीकरणाचा राडारोडा विल्काबांबा नदीत टाकल्याबद्दल २०११ मध्ये नदीच्या बाजूने निकाल लागला. हानी होत नाही हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयाने प्रांतिक सरकारवर टाकला. २०२१ मध्ये लोस सेद्रोस या संरक्षित जंगलातील खाणकामाचे परवाने संविधान न्यायालयाने रद्द केले.

घोषणा करणे सोपे. खरी कसोटी पालक नेमताना लागते. न्यूझीलंडच्या २०१७ च्या कायद्याने व्हांगानुई नदी, डोंगरापासून समुद्रापर्यंत उपनद्यांसह, एक कायदेशीर व्यक्ती झाली. तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन जण नेमले जातात, एक सरकारच्या वतीने आणि एक नदीशी नाते सांगणाऱ्या माओरी या तेथील मूळ रहिवासी समाजांच्या वतीने. नदीच्या हितासाठी ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधीही ठेवला आहे. म्हणजे हद्द, पालक आणि पैसा या तिन्ही गोष्टी कायद्यातच ठरल्या. तरी पाण्यावरील आधीचे खासगी हक्क अबाधित ठेवल्याने जलविद्युत योजनेसाठी नदीच्या उगमाकडचे पाणी वळवणे चालूच राहिले. ही या कायद्याची मोठी मर्यादा मानावी लागते.

त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरवून राज्याच्या मुख्य सचिवांसह सरकारी अधिकाऱ्यांनाच पालक नेमले. इतर राज्यांतून वाहणाऱ्या नदीची जबाबदारी एका राज्याच्या अधिकाऱ्याने कशी घ्यायची, आणि पुरात नुकसान झालेल्यांनी नदीवर दावा लावला तर भरपाई कोणी द्यायची, असे प्रश्न घेऊन राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले व जुलै २०१७ मध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. या रचनेत आणखी एक दोष होता: सांडपाणी सोडणाऱ्या शहरांचा कारभार ज्या शासनाकडे, त्याचेच अधिकारी नदीचे पालक. अशा पालकाला स्वतःच्या शासनाविरुद्ध उभे राहणे अवघड जाते.

शब्दांची ढिलाईही महागात पडते. अमेरिकेतील टोलीडो शहराने २०१९ मध्ये मतदानाने ईरी सरोवराला ‘बहरण्याचा’ हक्क दिला. पुढच्याच वर्षी संघीय न्यायालयाने ही तरतूद संदिग्ध ठरवून रद्द केली. बहरणे म्हणजे काय, आणि शेतात किती खत घातले की हक्कभंग होतो, हे तिच्यातून कळत नव्हते. म्हणून किमान प्रवाह, पाण्यातील प्राणवायू, नत्र व स्फुरदाची कमाल पातळी, मोजमापाची ठिकाणे आणि वारंवारता हे सारे नियमांत आकड्यांनिशी यावे लागते. कोलंबियातील अत्रातो नदीला संविधान न्यायालयाने २०१६ मध्ये हक्क दिले आणि सरकारबरोबर काठच्या समुदायांनाही पालकत्व दिले. पण बेकायदा सोनेखाणी सशस्त्र टोळ्यांच्या आश्रयाने चालतात, तिथे निकाल हातात असूनही पालकांना खाणीपर्यंत पोहोचणेच धोक्याचे असते. सोने वेगळे करण्यासाठी वापरलेला पारा नदीत मिसळणे त्यामुळे थांबलेले नाही.