एरर आली नाही, म्हणजे आकडा बरोबर?

‘एआय मॉडेलला साध्या मराठीत विचारा, ते सगळा डेटाबेस वाचून बिनचूक आकडा देतं’ असा मेसेज बरेच दिवस फिरतोय. उत्तर इतक्या सफाईने येतं, की तसं वाटणं साहजिकच आहे.

पण मॉडेल सहसा टेबलातल्या सगळ्या ओळी वाचत नाही. त्याला टेबलांची आणि कॉलमांची नावं दिलेली असतात. त्यावरून ते एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला त्याच्या भाषेत विचारलेला प्रश्न, लिहितं. बेरीज करतो डेटाबेस. बेरीज चुकत नाही, चुकतो प्रश्नाचा अर्थ; आणि क्वेरी मात्र विनातक्रार चालते.

समजा, तीन ऑर्डरी आहेत: ५००, ७०० आणि ८०० रुपयांच्या. शेवटच्या ऑर्डरीचे पैसे दोन हप्त्यांत आले, म्हणून पेमेंटच्या टेबलात चार ओळी. ‘एकूण विक्री किती?’ यावर मॉडेलने ऑर्डरींचं आणि पेमेंटचं टेबल जोडून ऑर्डरींच्या रकमेची बेरीज केली, तर शेवटची ऑर्डर दोन ओळींत येते आणि ८०० दोनदा धरले जातात. २००० ऐवजी २८००! (मुरलेली माणसंही इथे फसतात, बरं का.)

तपासायचं तर आधी क्वेरी मागा. जॉइन (टेबलं जोडणारा शब्द, JOIN) दिसला, तर जोडण्याआधी आणि नंतर किती ओळी ते मोजा. क्वेरी वाचता येत नसेल, तर एकाच दिवसाच्या पावत्यांची बेरीज कॅल्क्युलेटरवर करून मॉडेलने त्या दिवसासाठी दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. आणि ‘या वर्षी’ म्हणजे जानेवारीपासून की एप्रिलपासून, ते प्रश्नातच लिहा. मॉडेलला कसं कळणार?