टॉमच्या किंचाळीमागचा माणूस: विल्यम हॅना

टॉम अँड जेरीतल्या टॉम मांजराची शेपटी कुठेतरी सापडली की तो जीव खाऊन ओरडतो ना, तो आवाज खुद्द विल्यम हॅनाचा. कार्टूनच्या पाटीवर हॅना-बार्बेरा हे नाव आपण इतकं जोडून वाचतो की बऱ्याच जणांना तो एकच माणूस वाटतो, पण दोघांची कामं एकदम वेगळी होती. जोसेफ बार्बेरा भन्नाट चित्रं काढायचा, गॅग म्हणजे हसवणारे प्रसंग त्याचे, आणि हॅनाचा हात चित्रात तेवढा नव्हता पण टायमिंग सगळं त्याचं, म्हणजे तवा डोक्यावर नेमका कितव्या फ्रेमला आदळायचा ते तो ठरवायचा.

जन्म १९१० चा, न्यू मेक्सिकोतल्या मेलरोज गावचा. मंदीत कॉलेज सुटलं, मिळेल ते काम केलं आणि १९३० मध्ये हार्मन-आयझिंगच्या कार्टून स्टुडिओत अगदी खालच्या पायरीवर लागला. १९३७ ला एमजीएम ही हॉलिवूडची मोठी फिल्म कंपनी, तिथे बार्बेरा भेटला आणि १९४० मध्ये मांजर-उंदराचं पहिलं कार्टून आलं. पुढे या जोडगोळीच्या टॉम अँड जेरीला ७ ऑस्कर मिळाली, पण बाहुल्या घ्यायला स्टेजवर जायचा निर्माता फ्रेड क्विम्बी. हे वाचलं की मला आजही राग येतो.

मग १९५७. एमजीएमच्या लक्षात आलं की जुनी कार्टून परत थेटरात लावली तरी जवळजवळ तेवढेच पैसे सुटतात, मग नवीन कशाला, आणि कार्टूनचा एवढा मोठा विभाग बंद. पन्नाशीकडे झुकलेले हे दोघं रस्त्यावर. दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि टीव्हीकडे वळले. आधी सात मिनिटांच्या एका कार्टूनला ४० हजार डॉलरच्या वर खर्च व्हायचा, टीव्हीवर पाच मिनिटांना मिळणार ३ हजारच्या आसपास! मग चित्रंच कमी करायची. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर-टाय का असतो माहितीये? मान तिथे तोडता येते, धड तसंच ठेवायचं आणि फक्त डोकं नव्याने काढायचं. मागचं तेच झाड पुन्हा पुन्हा सरकतं तेही यातलंच.

बग्ज बनीची कार्टून करणाऱ्या चक जोन्ससारख्या मोठ्या माणसाने याला चित्रं लावलेला रेडिओ म्हणून हिणवलं. सत्तरच्या दशकातलं बरंच काम खरंच घाईचं आहे, ते मान्य, पण या जुगाडामुळेच त्या काळात कितीतरी अ‍ॅनिमेटर लोकांची चूल पेटती राहिली, हे मला जास्त मोठं वाटतं. १९६० मध्ये द फ्लिंटस्टोन्स थेट प्राइम टाइमला आलं, मोठ्यांनीही बघितलं, ६ सीझन चाललं. १९६९ ला स्कूबी-डू.

१९९१ मध्ये टेड टर्नरच्या कंपनीने स्टुडिओ घेतला आणि या जुन्या साठ्याच्या जोरावर १९९२ ला कार्टून नेटवर्क उभं केलं, जे १९९५ मध्ये आपल्याकडेही आलं. २००१ मध्ये हॅना गेला, वय ९०.