गॅसची तपासणी आणि गॅसच्या नावाने विक्री : दारातला माणूस ओळखायचा कसा?

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, दुपारच्या वेळी घरात पुरुष माणूस क्वचितच असतो. बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या आणि दार सताड उघडं. माझी मावशी अशीच बसली होती, तेव्हा दोन पोरं आली. निळे शर्ट, गळ्यात कार्ड, खांद्याला बॅग. ‘‘अक्का, गॅसची तपासणी आहे, कंपनीकडनं आलोय.’’ मावशी सूप बाजूला ठेवून उठेपर्यंत दोघं ओट्यापाशी पोचले होते. एकानं नळी चिमटीत धरली, ‘‘ही बाद झालीय, कधीही पेट घेईल,’’ म्हणाला आणि सुरीनं कापूनच टाकली. आता संध्याकाळचा स्वयंपाक कशावर करणार? त्यांच्याकडच्या नव्या नळीसाठी मावशीनं साडेआठशे रुपये मोजले. तिच्या विड्यांची चार दिवसांची मजुरी गेली. पावती नाही.

मावशी भोळी म्हणून फसली, असं मला अजिबात वाटत नाही. ती फसली कारण गॅसची तपासणी ही खरोखरच असते. घरगुती कनेक्शनची दर 5 वर्षांनी तपासणी करून घ्यायची असते, आणि रबरी नळीही साधारण 5 वर्षांनी बदलायचीच असते. म्हणजे त्या पोराचं निम्मं वाक्य खरं होतं. म्हणूनच ‘कुणालाच आत घेऊ नका’ असं मी सांगणार नाही. जुनी, चिरलेली नळी तशीच वापरणं हाही जिवाशी खेळ आहे.

तपासणीला आलेला माणूस आणि विकायला आलेला माणूस यांच्यात फरक दिसतो तो कामाच्या क्रमात. एजन्सीचा मेकॅनिक आधी तुमचं नाव आणि ग्राहक क्रमांक स्वतः सांगतो, कारण एजन्सीतून निघताना यादी त्याच्या हातात असते. मग तो शेगडी, रेग्युलेटर, नळी पाहतो, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघतो, सिलिंडर उभा आणि शेगडीपेक्षा खाली आहे ना हे तपासतो. जे आढळलं ते कागदावर लिहून तुमची सही घेतो. शुल्क ठरलेलं असतं, त्याची पावती मिळते. विकणारा मात्र आल्या आल्या ‘‘गॅसचं पुस्तक दाखवा’’ म्हणतो. त्यातला क्रमांक वाचून तोच तुम्हाला ऐकवतो, आणि आपल्याला वाटतं, याला सगळं माहीत आहे. पुस्तक आधी हातात देऊ नका. ‘‘तुमच्याकडे काय नोंद आहे ते सांगा,’’ एवढंच म्हणा.

गळ्यातल्या कार्डावर मी भरवसा ठेवत नाही. तसं कार्ड कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून मिळतं. खरी कसोटी फोनची. पुस्तकावर किंवा सिलिंडरच्या पावतीवर एजन्सीचा नंबर असतो, त्यावर फोन करून विचारायचं, आज आमच्या भागात माणूस पाठवलाय का? दारातल्या माणसानं दिलेल्या नंबरवर नाही, आपल्याकडच्या. खरा मेकॅनिक तेवढा वेळ बाहेर थांबतो. दुसरा घाई करतो, ‘‘उद्या कनेक्शन बंद होईल,’’ म्हणून घाबरवतो. दारात उभ्या माणसाला बाहेर थांबवून फोन लावायचा आपल्या बायांना संकोच वाटतो, आणि त्या संकोचावरच हा धंदा चालतो. लोखंडी जाळीचं दार लावून बोलण्यात कुणाचाही अपमान नाही.

नळीही ओळखता आली पाहिजे. एजन्सीकडची सुरक्षा नळी नारिंगी असते, आत तारेची जाळी, वर आयएसआय खूण, आयएस 9573 हा क्रमांक आणि तारीख छापलेली. मावशीच्या माथी मारलेली नळीही नारिंगीच होती, पण अंगावर एक अक्षर नव्हतं. रंग बघून विसंबू नका, छापलेलं वाचा. ‘गॅस वाचवणारं यंत्र’ वगैरे कुणी काढलं तर तिथंच समजा, हा विकायला आलाय. शेगडी तर कुठूनही घेता येते, एजन्सीतूनच घ्या अशी सक्ती नाही.

कंपन्यांच्या नावानं थेट घरोघर विक्री करणाऱ्यांसाठी 2021 पासून नियम आहेत. त्यात ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायला मनाई आहे. म्हणजे ‘‘न विचारता का आलात?’’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. सिलिंडरच्या डिलिव्हरीसाठी मोबाईलवर येणारा कोडही फक्त सिलिंडर दारात आल्यावरच द्यायचा, तपासणीवाल्याला त्याचं काही काम नसतं.

फसवणूक झालीच असेल तर आधी ती नळी काढून एजन्सीतून दुसरी बसवून घ्या, पैशाचं नंतर. गॅसचा वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, विजेचं बटण चालू-बंद करू नका आणि बाहेर येऊन 1906 ला फोन करा. पैसे मोबाईलवरून दिले असतील तर लगेच 1930, ग्राहक म्हणून तक्रारीसाठी 1915, आणि माणूस अजून गल्लीतच फिरत असेल तर 112. मावशीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, लाज वाटली म्हणून. त्याच आठवड्यात पुढच्या ओळीतल्या दोन घरांतही नळ्या कापल्या गेल्या.